मोटेलच्या खांबांवर टकटक

जुन्या मुंबई रस्त्यावरच्या त्या मोटेलात मी रोज सकाळी चहाला जायचो. मोटारवाल्यांसाठी कधीकाळी बांधलेली बैठी इमारत, खोल्यांची एक लांब ओळ, प्रत्येक दाराशी गाडीपुरतं छप्पर आणि पुढे गोलाकार पोर्च. आयटी कंपन्या आल्या, जमिनींना सोन्याचा भाव आला, आणि नेमका तेव्हाच एक गृहस्थ तिथे चहाला यायला लागला.

चहा संपला की तो उठून पोर्चच्या खांबांवर टकटक करायचा. मोझॅकवर चप्पल घासून बघायचा. खोली मात्र कधी घेतली नाही. बिल्डरचा माणूस, दुसरं काय! मी मालकांच्या कानावर घातलं. "बघतो हं," म्हणत त्यांनी माझ्यासाठी बिस्किटं मागवली.

शेवटी मीच त्याला विचारलं, "अहो, आपण रोज इथे काय तपासता?"

"लहानपणी वडिलांबरोबर इथे उतरायचो. सगळं शाबूत आहे ना, ते बघतो," तो म्हणाला. "आणि आपल्याला कोणत्या बिल्डरने बसवलंय? मी मालकांना सांगून ठेवलंय आपल्याबद्दल."

पुढच्याच आठवड्यात आम्ही दोघं चहाला आलो, तर फाटकाला पत्रे ठोकलेले. मालकांनी मोटेल विकलं होतं.

त्याने पत्र्यावर एकदा टकटक केली आणि मला विचारलं,

"तुम्हालाही बिस्किटं दिली होती का हो त्यांनी?"