समोरच्या खुर्चीतला

माझ्या साडूभावांना साधा प्रश्न विचारायची सोय आमच्या गोतावळ्यात कुणालाच उरली नव्हती. बायकोच्या धाकट्या बहिणीचे हे यजमान एका साखर कारखान्याच्या संगणक विभागात होते. हंगाम संपला की तो विभाग बंद होणार असं कळलं, तेव्हा चाळिशी ओलांडलेल्या या गृहस्थांनी ठरवलं, की आता शिरायचं ते बंगळूरच्या मोठ्या टेक कंपनीतच. तिथं म्हणे 'केस इंटरव्ह्यू' घेतात. पाठ केलेलं कुणी विचारत नाही. एक गुंता समोर टाकतात आणि माणूस मोठ्यानं विचार करत तो कसा सोडवतो ते बघत बसतात. मेव्हणी वारणानगरला शाळेत, घरात लहान पोरांचा कालवा, अभ्यासाला जागा नाही. म्हणून हे कोल्हापुरात आमच्या माडीवरच्या खोलीत मुक्कामाला आले आणि त्या दिवसापासून मोठ्यानं विचार करू लागले.

"दाजी, जेवायला वाढू?" असं माझ्या बायकोनं खालून विचारलं की ते जिन्यात येऊन एक बोट वर करत. "अक्का, आधी प्रश्न समजून घेतो. वाढू म्हणजे आत्ता, का मी हात धुतल्यावर? आणि यश कशात मोजायचं? पोट भरण्यात, का भाकरी संपण्यात?"

"भाकरी गार व्हायच्या आत ताटावर येण्यात हाय यश. उतरा खाली!"

सकाळी म्हशी उभ्या करतात त्या कट्ट्यावर त्यांना धारोष्ण दूध प्यायला घेऊन गेलो, तर तिथं त्यांनी शहरात रोज किती पेले दूध असं उभ्यानं प्यायलं जात असेल याचा अंदाज बांधायला घेतला. आधी माणसं, त्यातले पैलवान, त्यातले पोट बिघडलेले पैलवान. मग ते म्हशीभोवती फिरू लागले. म्हैसवाल्यानं धार थांबवली. "पावणं, दूध पिणार हाय, का म्हशीची झडती घेताय?"

"फार चांगला प्रश्न विचारलात," साडू गंभीरपणे म्हणाले. "मला दोन मिनिटं द्याल?" म्हैससुद्धा वळून बघायला लागली.

सरावासाठी त्यांनी खोलीत समोरासमोर दोन खुर्च्या मांडल्या होत्या. एकीत स्वतः, दुसरीत मुलाखत घेणारा. पाहुण्याला चहा दिल्याशिवाय तोंड उघडणं त्यांच्या रीतीत बसत नसल्यामुळं रोज संध्याकाळी दोन कप वर जायचे. त्या दुसऱ्या खुर्चीत मी बसायचो. ते दादा दादा म्हणून माझी वाट बघत आणि मला वारा सोसत नाही म्हणून, मी आलो की उठून पंखा बंद करत.

आता सांगूनच टाकतो. मी ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. तोंडी परीक्षा घेण्यात केस पांढरे झाले. माझी रीत एकच. पोरगं काहीही उत्तर देवो, चष्म्यावरून बघायचं आणि म्हणायचं, "नक्की?" बरोबर सांगणारी पोरंही गळपटतात आणि परीक्षकाला स्वतःला कळलं नसलं तरी त्याचा दरारा राहतो. साडूंच्या त्या केसमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. ते उत्तर देत, मी म्हणे, "नक्की?" ते घाईघाईनं उत्तर बदलत, मी म्हणे, "आता कसं!" मला त्यात मजा यायची. सासरे हयातभर धाकट्या जावयाच्या डोक्याचं कौतुक माझ्यादेखत करत आले. ते डोकं माझ्या एका शब्दावर कोलांट्या मारतंय हे बघून मला बरं वाटायचं.

मुलाखत ऑनलाइन होती. मी जिन्यात कान देऊन उभा होतो. पलीकडच्या बाईनं इंग्रजीत केस घातली: एका शहरात घरपोच मटणाच्या ऑर्डरी एकाएकी निम्म्यावर आल्या. ॲप नीट चालतंय, भाव तोच. महिन्याभरानं ऑर्डरी आपोआप पहिल्यासारख्या. का?

कोल्हापूरच्या माणसाला हे विचारायचं! "श्रावण," साडू म्हणाले, आणि मुद्देसूद समजावूनही सांगितलं.

"आर यू शुअर?" बाईनं सहज विचारलं. भाषा इंग्रजी होती, शब्द माझाच होता. मग साडूंचा आवाज आला, "नाही म्हणजे... दुसऱ्या कंपनीनं सवलत दिली असंल."

ती नोकरी हातची गेली. "दादा, बाईनं तुमच्यासारखंच विचारलं बघा," ते मला कौतुकानं सांगत होते. "बदललेलं उत्तर जरा कमी पडलं, एवढंच." माझा संशयसुद्धा त्यांना आला नाही. त्यानंतर मी माडीवर जायचं बंद केलं. कधी डोकं दुखतंय म्हणालो, कधी पेपर तपासायचेत म्हणालो. दुसऱ्या एका कंपनीची तारीख आली होती, आणि खालून मला त्यांचं पुटपुटणं ऐकू यायचं. चहाचे मात्र अजूनही दोन कप वर जात आणि दोन्ही रिकामे खाली येत.

एका संध्याकाळी कॉलेजातून येऊन चपला काढत होतो, तर बायको म्हणाली, "अहो, आत्ता तर वर गेलासा! परत भाईर कधी गेलासा?"

मी हसलो. तेवढ्यात वरून कुणीतरी खाकरलं. मी खाकरतो तसंच, आधी बारीक आणि मग मोठं. मी जिना चढू लागलो. खोलीत कुणीतरी बोलत होतं. आवाज माझा होता, पण वर्गात लागतो तसा नव्हता. पोरं लहान असताना मी त्यांच्याशी बोलायचो, तसा. "बदलू नका," तो म्हणत होता. "तुम्हाला असं का वाटतं, तेवढं सांगा. मी ऐकतोय."

साडूंना नकला येतात, असं मी स्वतःला बजावलं आणि दार ढकललं. ते एकटेच बसले होते, समोरची खुर्ची रिकामी. उकाड्याचा कहर होता, साडू घामानं भिजले होते, आणि पंखा बंद होता.

मी त्या खुर्चीत बसलो नाही. उभ्यानंच सगळं ओकलो. श्रावण हेच बरोबर होतं. मी 'नक्की' म्हणायचो तेव्हा मला काही कळत नसायचं. तुम्ही गडबडलात की मला गोड वाटायचं. तुमची नोकरी माझ्यामुळं गेली.

साडू माझ्याकडं काळजीनं बघत राहिले. "दादा, हे तुम्ही परवाच सांगितलासा की."

"मी?"

"व्हय. हितंच बसून. डोळ्याला पाणी आलतं तुमच्या. मी म्हटलं, असू दे, आपल्या-आपल्यात काय." मग आवाज उतरवून म्हणाले, "तब्येत बरी न्हाय का? अक्काला हाक मारू?"

मी खाली आलो.

दुसऱ्या मुलाखतीतही त्यांना शुअर का म्हणून विचारलं गेलं. ते हटले नाहीत. आता ते बंगळूरला असतात, मेव्हणी आणि पोरंही तिकडंच गेली. आमची माडी रिकामी आहे. साडूंनी मला माफ केलं हे आमच्या घरात मीच तेवढं जाणतो, आणि ती माफी माझ्या कानांनी काही ऐकलेली नाही; माझ्या वतीनं दुसरंच कुणीतरी ऐकून गेलं. कधीकधी संध्याकाळी मी वर जातो, पंखा बंद करतो आणि साडू बसायचे त्या खुर्चीत बसतो. अजून तरी समोरच्या खुर्चीतून मला कुणी काही विचारलेलं नाही.