दम द्या, सिस्टर

दवाखान्याच्या इमर्जन्सी रूममध्ये किस्से कोणी जमवत नाही. ते ऑक्सिजनच्या रिकाम्या सिलिंडरसारखे कोपऱ्यात आपोआप जमत जातात आणि चहा आला की एकेक बाहेर निघतो. सगळ्यांच्या शेवटी पेशंट जिवंत असतो, कारण ज्यांच्या शेवटी नसतो ते चहासोबत कोणी सांगत नाही. तेव्हा आमचं काम दिसतं तेवढं मजेचं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. सांगायची गरज होती का, याची आता मला शंका येते आहे.

मी निवृत्त भूलतज्ज्ञ. चंद्रपुरात राहतो. श्वास अडकला, थांबला, घशात काही गेलं तर डॉक्टर येईपर्यंत काय करायचं, हे गावोगावच्या सिस्टरांना शिकवत फिरतो. डिग्र्या भिंतीवर मावत नाहीत, आणि कुलूप नीट लागलं का हे पाहायला मी अर्ध्या रस्त्यातून परत येतो. बायको म्हणते, "लोकांना भूल देता देता थोडी तुम्हालाही चढली असती तर बरं झालं असतं."

* * *

पोंभुर्ण्याकडच्या एका दवाखान्यात पहिलं ट्रेनिंग होतं. मी छान तयारी करून गेलो होतो. "रुग्णाचे श्वसन थांबल्यास त्यास त्वरित कृत्रिम श्वास द्यावा," मी म्हणालो.

इमर्जन्सीच्या इन्चार्ज सुनंदाबाई उठल्या. जवळच्याच गावच्या, सगळी नोकरी याच जंगलपट्ट्यात गेलेली. आवाज असा, की पेशंट अर्धा तिथेच शुद्धीवर यावा.

"सर, इथी श्वास कोनी घेत नाई."

"म्हणजे?"

"इथी दम घेते."

मी लगेच फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'दम द्या' लिहिलं. सगळ्यांचे चेहरे उजळले. परतताना मात्र गाडीतच मला घाम फुटला. दम देणं म्हणजे दरडावणंसुद्धा! उद्या एखाद्याचा श्वास बंद पडेल, सिस्टर 'दम दे' म्हणून ओरडेल, आणि हाताखालचं माणूस पेशंटवर डोळे वटारत उभं राहील. जीव जाईल, आणि फळ्यावर अक्षर माझं असेल.

मी सुनंदाबाईंना फोन लावला. "'हवा द्या' म्हणू या का?"

"हवा देणं म्हंजे भांडण वाढवणं, सर."

"मग 'फुंका'?"

"सारे बिडीवाले उठतीन. दमच राहू द्या. लोक येवढे बयताड नाईत."

मी विश्वास ठेवला. पूर्ण नाही.

* * *

माझ्या भीतीचा पहिला पुरावा महिनाभरात मिळाला. दम्याचे एक म्हातारे शेतकरी होते, त्यांना तोंडाने ओढायचा पंप नवीनच दिला होता. सिस्टर शिकवत होती.

"बाबाजी, दम घ्या." घेतला.

"आता दम धरा." धरला.

"आता दम सोडा."

बाबाजींनी जोरजोरात मान हलवली. गाल फुगलेले, डोळे बाहेर आलेले, पण सोडायला तयार नाहीत. सिस्टर विनवते आहे, सोडा ना, सोडा ना. शेवटी त्यांना तोंड उघडावंच लागलं.

"येवढ्यात नाई सोडत, बाई. नातीचं लगन हाय!"

मी सुनंदाबाईंकडे पाहिलं. म्हटलं, बघा. त्या म्हणाल्या, "पन सुटला का नाई?"

* * *

पाऊस लागला की भामरागडचा रस्ता बंद होतो, म्हणून तिथलं ट्रेनिंग सुनंदाबाई आणि मी आधीच उरकायचो. सोबत प्लास्टिकचा पुतळा. डोकं, छाती, संपला. त्यावर श्वास द्यायचा सराव होतो. सुनंदाबाईंनी त्याचं नाव बाळू ठेवलं होतं आणि त्याला चादरीत गुंडाळून मागच्या सीटवर निजवलं होतं.

नाक्यावर गाडी अडवली. जवानाने चादर वर केली आणि एकदम मागे सरला. माझ्याकडे पाहून म्हणाला, "हे काय हाय?"

मी घाबरलो की शिकलेलं बोलतो. म्हणालो, "हा मानवी धडाचा शैक्षणिक नमुना आहे."

त्याने साहेबांना हाक मारली. सुनंदाबाईंनी काच खाली केली. "कायले घाबरता भाऊ? पायच नाईत त्याले. पळून कुठी जाते?"

* * *

ऊर्जानगरच्या वीज केंद्रातला एक ऑपरेटर धानाच्या मळणीला सासुरवाडीला आला आणि धुळीने त्याचा दम उसळला. एका दमात दोन शब्दांच्या पुढे बोलता येईना. तोंडावर औषधाच्या वाफेचा मास्क लावला, ऑक्सिजन लावला. सुनंदाबाई त्याच्या छातीला कमी आणि तोंडाला जास्त कान देऊन होत्या, कारण शब्द जोडले जाऊ लागले की समजायचं, वाट मोकळी होते आहे.

आधी "पाणी." मग "पाणी गरम." मग बराच वेळ वाफ. आणि मग, "मी तं आधीच म्हनलं होतं का मळणीच्या दिवसात तुया बापाच्या घरी मले नेऊ नको म्हनून!"

"पूर्ण वाक्य आलं," सुनंदाबाई म्हणाल्या आणि मास्ककडे हात नेला.

त्याच्या बायकोने त्यांचा हात धरला. "राहू द्या न बाई थोडा वेळ. किती शांत वाटून राह्यलं होतं."

* * *

बाबाजींच्या नातीचं लग्न झालं. दुसऱ्या दिवशीच्या मटणाच्या पंगतीला आम्हालाही बोलावणं होतं. जेवता जेवता बाबाजींचे व्याही उभे राहिले, दोन्ही हात गळ्यावर, आवाज बंद, तोंड जांभळं. मी हात धुवावे की आधी धावावं याचा विचार करतो आहे तोवर सुनंदाबाई पंगत ओलांडून गेल्या. पाठीत मारलं, निघालं नाही. मग मागून कवेत घेतलं, बेंबीच्या वर मूठ ठेवली आणि आत-वर असे झटके दिले. तुकडा उडाला आणि थेट नवरदेवाच्या ताटात पडला.

व्याही मात्र डोळे मिटून तसेच उभे.

विहीणबाई म्हणाल्या, "निघाला न तुकडा? मंग सोडा आता त्यायले."

"मी कवाचंच सोडलं, बाई. त्यायनंच माये हात धरून ठेवले हायेत."

* * *

आता पारबताआजींचा किस्सा. पोंभुर्ण्याकडच्या त्याच दवाखान्यात ट्रेनिंग चालू असताना डिलिव्हरी रूममधून हाक आली. बाळ झालं होतं आणि रडत नव्हतं. सुनंदाबाई धावल्या, मागे मी. बाळ निळसर, ढिलं. पुसलं, पाठ चोळली, काही नाही. आई मान उचलून एकच विचारत होती, "रडला का? बाई, रडला का?" तिचं आधीचं बाळही असंच रडलं नव्हतं. ते कधीच रडलं नाही.

सुनंदाबाईंनी छोटा मास्क नाकातोंडावर बसवला आणि त्याची पिशवी नव्या सिस्टरच्या हातात दिली. "दम दे!"

नवी सिस्टर कोल्हापूरकडची, नुकतीच रुजू झालेली. तिने बाळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांसमोर तो फळा आला. 'श्वास' म्हणायला मी तोंड उघडलं, तर माझाच निघेना.

"अवो, दम दे त्याले!" सुनंदाबाई पुन्हा ओरडल्या.

हुकूम पहिल्यांदा पाळला तो कोपऱ्यातल्या पारबताआजींनी. बाळाच्या आईची आजी. बोट रोखून पुढे आल्या. "काऊन रे पोट्ट्या! मुका हायेस का? माय वाट पाहून राह्यली आन तू नखरे करून राह्यला? रडतो का देऊ एक?"

"पिशवी दाब!" सुनंदाबाई म्हणाल्या. पिशवी दाबली गेली. छाती उचलली. पुन्हा दाबली, पुन्हा उचलली. आजी थांबल्या नाहीत. पिशवी आणि आजी, आजी आणि पिशवी. बाळाने तोंड वाकडं केलं, आणि मग असं रडलं की आईला विचारायची गरज उरली नाही.

ते पिशवीमुळे झालं. मला खात्री आहे. बरीचशी.

तेव्हापासून आजींच्या गावची बाई डिलिव्हरीला आली की सोबत बाळाला गुंडाळायचं जुनं लुगडं, गरम पाण्याचा थर्मास आणि पारबताआजी असतात. फळ्यावरचा शब्द बदलू का, असं मी अजून एकदा विचारून पाहिलं. सुनंदाबाई नुसत्या हसल्या.

परवा त्यांचा फोन आला. एक बाई अडली होती, गाडीत जागा नव्हती म्हणून आजी मागून कोणाच्या मोटरसायकलवर निघाल्या. इकडे बाळ झालं आणि झाल्याबरोबर बोंबललं. आजी धापा टाकत दारात आल्या तेव्हा सगळं उरकलं होतं.

"आजी, आज तुमचं काम नाई पडलं," सुनंदाबाई म्हणाल्या. "आपल्या आपनच रडला."

"आपल्या आपन कसा?" आजी म्हणाल्या. "मायी चप्पल वाजली न व्हरांड्यात."