मैनेच्या ओळखीचा सायलेन्सर

"मामंजी, सायलेन्सर काढा."

"न्हाय काढणार."

"अवो, एका पॉइंटानं गाडी वर गेलीया! सामना 'बी' क्लासचा, आन् तुमची गाडी जाऊन बसलीया 'ए' क्लासात."

"मग प्रगतीच झाली की तिची!"

स्नेहलनं कपाळावर हात मारला. सासऱ्याला टीव्हीवरचा रेसिंगचा गेम शिकवला तो तिनंच. आकाराम गवळी दिवाळी पाडव्याला म्हशी पळवणारा गडी. बुलेटच्या सायलेन्सरची पुंगळी काढलेली. हा पुढं धडधडत, आणि रंगवलेल्या शिंगांची त्याची म्हैस मैना मागं उधळलेली. गर्दीत कितीही गाड्या असोत, मैना त्याच आवाजामागं धावणार. गेल्या साली कंबरेनं दगा दिला. डॉक्टरांनी बुलेट बंद केली, म्हातारा कोमेजला, म्हणून हा गेम.

बाकीचे आकडे बघून गाडी निवडतात. आकारामनं डोळे मिटून, एकेक गाडी गुरगुरवून निवडली. मग इंजिन वाढवलं, टायर बदलले, बुलेटसारखा धडधडणारा सायलेन्सर बसवला. गेममध्ये काहीही सुधारलं की गाडीचा आकडा चढतो, आणि हद्द ओलांडली की ती वरच्या क्लासात. तिथं तिची गत तालमीत शिरलेल्या बालवाडीच्या पोरासारखी.

आज गाठ हुपरीच्या विजयसिंहशी, स्नेहलच्या सख्ख्या भावाशी. दोघा-दोघांच्या जोडीचा सामना, इकडं सासरा-सून; जोडीतला एक जण नसला की हार. हरणाऱ्यानं आठ दिवस मोबाइलवर स्टेटस ठेवायचं: 'हुपरीपुढं कोल्हापूर गार.' आकारामचं स्टेटस गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरचे सगळे गवळी बघायचे.

"बरं, टायर साधं बसवा."

"वळणावर लोळंल."

"इंजिन उतरवा."

"आन् ढकलत नेऊ व्हय?"

"मग ऱ्हायला सायलेन्सरच की! नुसता आवाजाला हाय त्यो."

"नुसता?"

आकारामनं बटण दाबलं. टीव्ही असा गडगडला की फडताळातल्या कपबश्या थरथरल्या. त्याच दमात मागच्या गोठ्यातनं मैना रेकली.

"ऐकलंस? इचारतीया, कवा निघायचं."

"मामंजी, शर्यत गाड्यांची हाय, म्हशींची न्हाय!"

तिनं रिमोट ओढून घेतला आणि कंपनीचा मूळ सायलेन्सर परत बसवला. आकडा उतरला, गाडी 'बी' क्लासात आली.

"घ्या. दाबा आता."

आकारामनं दाबलं. शिवणयंत्र चालावं तसा आवाज आला. त्यानं कान गोठ्याकडं लावले. पुन्हा दाबलं. मैना गप्प. रवंथ तेवढा ऐकू येत होता.

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडं विजयसिंह. "काय ताई, म्हातारं पळालं काय?"

"गप रं! बसल्यात इथंच." स्नेहलनं फोन हातानं झाकला. "मामंजी, सुरू करू न्हवं? अवो, आठ दिवस स्टेटस! कट्ट्यावर तोंड कसं दावणार?"

आकारामनं रिमोट खाली ठेवला. एक हात कंबरेवर ठेवून तो उठला, खुंटीवरची बुलेटची किल्ली काढली, आणि चपला घालून गोठ्याकडं निघाला.