ठाऊक न्हाय म्हणणारे आण्णा

माहीत नसेल तर "ठाऊक न्हाय" असं तोंडावर सांगणारा गाईड मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे आमचे आण्णा. खिद्रापूरच्या देवळात कुणी विचारायचं, हे दगडी हत्ती कुणी फोडले, हा खांब घडवायला किती दिवस लागले असतील, आणि आण्णा खांबाकडे बघून, मान हलवून म्हणायचे, "ठाऊक न्हाय." एकदा एक चष्मेवाले गृहस्थ चिडून म्हणाले, अहो, तुम्ही गाईड ना? तर आण्णा शांतपणे म्हणाले, "गाईड हाय म्हणूनच सांगतोय. ठाऊक नसल्यालं कोनबी सांगतंय की." गृहस्थ उरलेला दिवस आण्णांच्या मागे मागे फिरले.

त्यांच्याजवळ माहितीचे तीन ढीग असत. ह्ये ठाऊक हाय, ह्ये ऐकल्यालं हाय, आणि ह्ये ठाऊक न्हाय. छताला हे गोल भोक मुद्दाम ठेवलंय आणि त्यातून आभाळ दिसतं, हे ठाऊक. देवळापुढे नंदी नाही, तो म्हणे पार येडूरला जाऊन बसलाय, हे ऐकलेलं. का गेला, ते ठाऊक नाही. एका ढिगातला दगड दुसऱ्या ढिगात टाकताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. एवढंच काय, कुरुंदवाडच्या घाटावर जेवायच्या डब्यातली भाजी कशी झालीय म्हणून विचारलं, तरी खोटं बोलायचे नाहीत. त्यामुळे सहलीला येणाऱ्या बायका त्यांना डबा देताना जरा जपूनच द्यायच्या.

आण्णांना गाईड म्हणून कुणी नेमलेलं नव्हतं. तरुणपणी ते नदीवर तर, म्हणजे नदी पार करणारी नाव, चालवायचे, माणसं, सायकली, शेळ्या या काठावरून त्या काठावर नेऊन सोडायचे. पुढे पूल झाला आणि तर बंद पडली. मग आण्णांनी नावेला इंजिन बसवलं, वर ताडपत्रीचं छप्पर घातलं आणि हिवाळ्यातल्या रविवारी सहली काढायला लागले. सकाळी घाटावरून निघायचं, कृष्णेतून खाली खिद्रापूरला जायचं, देऊळ बघायचं, मग पलीकडच्या काठावरच्या एका गावचा आठवडी बाजार करायचा आणि दिवस मावळायच्या आत परत. त्या बाजाराच्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या एका घरावर आमचे फार उपकार आहेत आणि त्या घरची माणसं अजून आमच्यावर हसतात.

माझी आणि आण्णांची ओळख झाली तेव्हा मी एक लबाडी केली होती, ती आधी सांगते. मी राजारामपुरीत गणिताच्या शिकवण्या घेते. आई शिवाजी पेठेत दादाकडे, म्हणजे माझ्या थोरल्या भावाकडे असायची. तिला विस्मरणाचा आजार जडला होता. दोनदा ती घरातून निघून गेली आणि दोन्ही वेळा तालमीतल्या पोरांनी हाताला धरून परत आणली. दुसऱ्या वेळेनंतर दादानं फाटकाला कुलूप घातलं. मी भांडले. आईला काय कैद्यासारखं ठेवतोस, म्हणाले. तो म्हणाला, तू लांब राहून बोल, उद्या रंकाळा तळ्यात सापडली तर कोण जबाबदार? त्याचं चुकत नव्हतं, पण मला ते पटतही नव्हतं. आई कुलपाशी उभी राहून गज हलवत राहायची.

म्हणून आमच्या महिला मंडळाची सहल ठरली तेव्हा मी आईला बरोबर घेतलं. मी आहे ना, असं दादाला छाती ठोकून सांगितलं. दादा एवढंच म्हणाला, की काही झालं तर यापुढे ती उंबऱ्याबाहेर पडणार नाही, आणि मग तू मध्ये बोलायचं नाहीस. मी बरं म्हणाले.

सकाळी घाटावर आण्णांनी आम्हा चौदाजणींना नारिंगी जाकिटं घातली, एकेकीचा पट्टा ओढून बघितला. मग ते नावेच्या टोकावर उभे राहिले आणि म्हणाले, कुणाला काय असंल तर आत्ताच सांगा, शुगर, फिट, चक्कर, काय बी. लाजायचं काम न्हाय. एकीनं गोळ्या दाखवल्या, एकीनं गुडघा. माझ्या शेजारी आई नऊवारी सावरत, हिरव्या बांगड्या किणकिणवत बसली होती, दिसायला अगदी ठणठणीत. मी तोंड उघडलं नाही. सगळ्यांच्या देखत आई विसरते असं म्हणायची मला लाज वाटली. आता लिहितानाही वाटते, पण ती वेगळी लाज आहे.

देवळात आई खूश होती. गोल आभाळाखाली उभी राहून तिनं हात जोडले आणि मोठ्यानं विचारलं, नंदी कुठं गेला? आण्णांनी सांगितलं. पाच मिनिटांनी तिनं पुन्हा विचारलं, आण्णांनी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यांनी सांगितलं आणि माझ्याकडे जरा रोखून बघितलं. मी नजर चुकवली.

घात बाजारात झाला. कृष्णाकाठची वांगी म्हटल्यावर माझं भान सुटतं. भाव करत होते, पिशवी आईच्या हातात दिली, पर्स काढली, वळले, तर पिशवी खाली आणि आई नाही. पहिली दहा मिनिटं मी कुणाला बोललेच नाही. मंडळातल्या कुणाबरोबर असेल म्हणत सगळा बाजार पालथा घातला. मग मिरचीवाल्यांची ओळ, मग खणाची दुकानं, मग देऊळ, शाळा. अर्धा तास झाला तेव्हा माझे पाय आपोआप नदीकडे वळले. घाटावर पाणी संथ होतं.

आण्णा इंजिनात तेल घालत होते. मी कसंबसं सांगितलं, की आई दिसत नाही. आणि विचारलं, "आण्णा, नदीत तर नसेल ना गेली?"

दुसरा कुणी असता तर छे छे म्हणाला असता. आण्णा म्हणाले, "ठाऊक न्हाय. थांबा, इचारून येतो."

घाटावर दोन बायका धुणं धूत होत्या. ते त्यांच्याजवळ जाऊन नीट बोलले, कधीपासून बसलाय, मधे उठून गेलता का, वरच्या अंगाला कोण उतरलं का. मग परत आले आणि म्हणाले, "सकाळधरनं त्या बाया हितं हायत. नऊवारीतली म्हातारी घाटावर आल्याली न्हाय. गावातनं पाण्याकडं याला ह्यो एकच रस्ता हाय. ह्ये आता ठाऊक हाय."

मी मटकन पायरीवर बसले आणि रडले. त्या माणसानं मला आधी खोटा धीर दिला नव्हता, म्हणून हा खरा धीर मला लागू पडला.

रडून झाल्यावर ते म्हणाले, आता खरं काय ते सांगा. मी सगळं ओकले. आजार, कुलूप, दादा, सकाळी गप्प बसले ते. मला वाटलं आता झाडतील. त्यांनी फक्त विचारलं, "दिसभर कशाचा ध्यास असतोय त्यास्नी? हे बगा ताई, आक्का हरवल्या न्हाईत, त्या कुठंतरी निघाल्यात. कुठं निघाल्यात तेवढं सांगा."

हा प्रश्न मला चार वर्षांत कुणी विचारला नव्हता. डॉक्टरांनीही नाही. मी म्हणाले, तिला रोज लग्नाला जायचं असतं. कुणाच्या, ते आम्हाला कधी कळलं नाही. उशीर झाला, उशीर झाला म्हणून कुलपाशी उभी असते.

आण्णांनी कान दिला. गावाच्या वरच्या अंगाला कुठंतरी कर्णा वाजत होता. "मांडव हाय," ते म्हणाले आणि चालायला लागले. साठी उलटलेला माणूस, पण मला त्यांच्यामागे पळावं लागलं.

मांडवात साखरपुड्याची पंगत बसली होती. आणि पंगतीच्या पहिल्या पानावर, कपाळभर कुंकू, डोक्यावर पदर, ओटीत नारळ, अशी आमची मातोश्री मसालेभात खात बसली होती. तिच्या शेजारी नवऱ्या मुलीची आई वाढत होती आणि आमची आई तिला सांगत होती, की भातात मीठ जरा कमी पडलंय. मुलीकडच्यांना वाटलेलं, ही मुलाकडची कुणीतरी आत्या. मुलाकडच्यांना वाटलेलं, मुलीकडची. नवीन सोयरीक, विचारायचं कसं? दोन्हीकडच्या बायका येऊन तिच्या पाया पडून गेल्या होत्या, आणि तिनं दोन्हीकडच्या पोरींना तोंड भरून आशीर्वाद दिले होते.

मला हसावं की रडावं कळेना. मी आण्णांच्या कानात म्हणाले, गुपचूप उठवू आणि नेऊ, कुणाला कळायला नको. आण्णांनी माझं ऐकलं नाही. ते सरळ मुलीच्या चुलत्यांकडे गेले, हात जोडले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "पावणं, ह्या आक्का तुमच्यातल्या कोन न्हाईत आन् त्यांच्यातल्याबी न्हाईत. आमच्या नावंतल्या हायत. त्यास्नी इसरायला हुतंय."

मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. चुलत्यांनी आईकडे बघितलं, ती निवांत बुंदी संपवत होती. मग ते म्हणाले, "मग आता झाल्या की आमच्या. बसा तुमीबी, जेवल्याबिगार कुनाला सोडत न्हाय." आणि नावेत किती माणसं आहेत विचारून त्यांनी बाकीच्या बाराजणींना बोलावणं धाडलं. आम्ही चौदा बायका आणि आण्णा, अनोळखी साखरपुड्यात पोटभर जेवलो. भाताची चव कशी वाटली म्हणून चुलत्यांनी आण्णांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, आक्कांचं बराबर हाय, मीठ कमीच हाय.

परतीच्या वाटेवर नावेत मी सगळ्यांना आईबद्दल सांगितलं. कुणी भुवई वर केली नाही. एकीनं आईला आपल्या शेजारी बसवून घेतलं, दुसरी म्हणाली, माझ्या सासऱ्यांचंही असंच होतं गं, आधी नाही का सांगायचंस. मग मी दादाला फोन लावला आणि एकही गोष्ट न लपवता सगळं सांगितलं, नदीसकट. मी शिव्यांची वाट बघत होते. दादानं विचारलं, "जेवली का ती?" माझ्या अंगावरचं ओझं तिथं उतरलं. पुढच्या महिन्यात तोच आईला घेऊन आण्णांच्या नावेत बसला, आणि ती लग्नाला निघाली की तिच्याबरोबर पेठेतून एक फेरी मारून यायचं, हेही त्यानंच सुरू केलं. आई पुढे तीन वर्षं जगली आणि शेवटच्या आजारापर्यंत पायांनी हिंडली.

आई गेल्यावर वर्षाभरानं आण्णांना हृदयाचा त्रास झाला. नाव विकून ते हुपरीला मुलीकडे राहायला गेले. मी भेटायला गेले तर आण्णा खिडकीशी खुर्चीत बसले होते, खाली रस्त्यावर येणारीजाणारी माणसं बघत. मुलगी पैंजणाच्या कड्या जोडत बाजूला बसली होती. गुणाची बाई. तिनं चहा केला, औषधं वेळेवर दिली आणि जाताना मला जिन्यात गाठून म्हणाली, की बाबा रोज नदीवर न्या म्हणतात, पण मला भीती वाटते. वाटेत काही झालं तर मी काय करू?

काही होणार नाही, असं माझ्या ओठावर आलं होतं. मी ते गिळलं. म्हणाले, वाटेत काही होईल की नाही, ते मला ठाऊक नाही. पण कुठल्या गोळ्या, किती चालायचं, दम लागला तर काय करायचं, ते सगळं मला लिहून दे. डॉक्टरांना विचार. ते हो म्हणाले, तर रविवारी दादा गाडी घेऊन येईल, आणि तूही चल.

डॉक्टर हो म्हणाले. त्या हिवाळ्यात आण्णा सहा वेळा नदीवर गेले. नाव दुसऱ्याची होती, आण्णा जाकीट घालून प्रवाशांसारखे मधल्या फळीवर बसायचे आणि मुलगी त्यांचा पट्टा ओढून बघायची. सहाव्या रविवारनंतर चार दिवसांनी, दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत.

मी हुपरीला पोचले तेव्हा मला धास्ती होती, की मुलगी मलाच बोल लावेल. तिनं माझा हात धरून आत नेलं आणि शेजारपाजारच्या बायकांना माझी ओळख करून दिली. म्हणाली, "ह्यांनी बाबांना बाहेर काढलं. न्हायतर मी त्यांना खिडकीतच ठेवलं असतं, आणि मग जन्मभर मला झोप लागली नसती."