वैशाखातला स्वेटर

काल सकाळी लॅबमध्ये रक्त द्यायला बसलो होतो. ऐन वैशाख, आणि अंगात माझा लोकरी स्वेटर! समोर एक बाई शाल लपेटून, हातात माझ्याच गोळ्यांची पट्टी धरून बसल्या होत्या. एकाच चोरीतले दोन चोर भेटावेत तसे आम्ही हसलो.

"लिथियम?" मी विचारलं.

"नऊ वर्षं. आता थायरॉइडही. तुमचं?"

"चौदा. थायरॉइडचं आज कळेल."

मनाचे टोकाचे चढउतार आवरणाऱ्या या गोळीआधी मी एका दुपारी अख्ख्या गल्लीला जेवायला बोलावलं होतं आणि नंतर दोन महिने अंथरूण सोडलं नव्हतं. गोळीनं मला माणसांत आणलं. आता तीच म्हणे गळ्यातली ग्रंथी मंदावते, मग भर उन्हाळ्यात थंडी वाजते, आणि त्या ग्रंथीसाठी आणखी एक गोळी! ज्या भिंतीनं वादळ अडवलं, तिच्यातून बाहेर पडायला दारच नाही. रक्त देईपर्यंत सकाळची गोळी घ्यायची नसते, म्हणून ती खिशात होती. आज ती लॅबच्या दारातल्या कुंडीत टाकायची, असं मी घरूनच ठरवून आलो होतो.

आम्ही दोघंही रक्त देऊन आलो, तेव्हा बाईंनी आपली गोळी घेतली आणि पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली.

"काढा तुमचीही. मघापासून खिसा चाचपताय."

पकडलो गेलो! मी मुकाट्यानं गिळली. त्या माझ्या गळ्याकडे बघत होत्या. गिळताना त्या ग्रंथीची सूज दिसते, हे आम्हा लिथियमवाल्यांना ठाऊक असतं.

"उजवीकडे फुगलंय हो. डॉक्टरांना दाखवा."

"दाखवतो," म्हणालो आणि स्वेटरचं गळ्याशी येणारं वरचं बटण लावायला गेलो. ते लागेना.