त्राटिकेचं अस्तर

मुंबईतल्या एका मोठ्या संग्रहालयात, काचेच्या कपाटात, आमची त्राटिका विधवा होऊन बसली आहे. मी चेष्टा करत नाही. तिच्याखालच्या पाटीवर तसं छापलंय: "शांत मुद्रेची स्त्रीदेवता, मोखाडा परिसर. चेहऱ्याचा श्वेत वर्ण वैधव्य व विरक्ती सूचित करतो." पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ती अजून पुरती उतरलेली नाही.

ज्यांनी बोहाडा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे होळीच्या आगेमागे देवांची आणि राक्षसांची सोंगं मुखवटे लावून नाचतात, आणि एकेका सोंगाचा मान एकेका घराकडे असतो. त्राटिका ही राक्षसीण. तोंडभर लालभडक रंग, त्यावर पिवळे पट्टे, बाहेर आलेले सुळे, बशीएवढे डोळे. ती नाचत पुढे आली की पोरं आयांच्या पदराआड पळतात. मीही किंचाळायचे. आदल्या आठवड्यात ती आमच्याच घरात खुंटीला टांगलेली असायची आणि मी तिच्याखाली बसून जेवलेली असायचे, तरीसुद्धा. शांत मुद्रा म्हणे!

तिला रंग द्यायचा तो माझा बा. बाचं पोट पाट्यांवर. मोखाड्याच्या बाजारपेठेतली दुकानं, शाळा, दवाखाना, जिथे अक्षर काढायचं तिथे बाचा ब्रश. मुखवटे ही मात्र त्याची इभ्रत. कागदाचा लगदा आणि मेथीचं पीठ कुटून त्राटिका त्यानेच घडवली होती, आणि दर वर्षी सणाआधी तिचा रंग तोच ताजा करायचा.

मी सातवीत होते त्या साली जुन्या रंगाला पोपडे धरले होते. बाने सगळा रंग खरवडून काढला आणि अस्तर दिलं. अस्तर म्हणजे रंगाखालचा पांढरा थर, खडूची पूड आणि चिंचोक्याची खळ. ते वाळलं की वर लाल ऑइलपेंट, मग पिवळा, मग काळा, आणि डोळे सगळ्यात शेवटी. तर अस्तर अंगणात वाळत होतं आणि एक गृहस्थ जीपमधून उतरले. जुन्या वस्तू जमवण्याचा त्यांना नाद होता. बोलायला गोड. आमच्यात खाली बसून नागलीची भाकरी खाल्ली, आईच्या हाताचं कौतुक केलं, आम्ही सगळेच विरघळलो. मग म्हणाले, मुंबईत प्रदर्शन आहे, आठ दिवसांसाठी मुखवटा द्या, सणाच्या आत आणून पोचवतो. बा म्हणाला, रंग राहिलाय. ते म्हणाले, परत आल्यावर द्या, घाई कसली. बाने आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून त्राटिका त्यांच्या हातात दिली.

त्राटिका नाचवायचा मान होता पोशेरा गावातल्या एका घराचा. त्यांना बाने विचारलं नव्हतं, ही चूक त्याचीच, आणि ती त्याने कधी लपवली नाही. आठ दिवस गेले, होळी आली, जीप आली नाही. शेवटी बाने घाईघाईत पुठ्ठ्याचं एक तोंड करून दिलं. ते नाचता नाचता एका बाजूने सुटलं आणि लोक त्राटिकेला हसले. तिला कधी कुणी हसलं नव्हतं. मानकरी बाला एक शब्द बोलला नाही. बाजारात समोर आला तरी नुसता दुसरीकडे बघायचा, आणि तसंच वर्षानुवर्षं चाललं. बाने पुढे नवी त्राटिका केली, आज तीच नाचते. पण जुनीचा विषय घरात निघाला की तो उठून बाहेर जायचा.

मी आता जव्हारला एका कचेरीत कारकून आहे. मध्यंतरी मुंबईला प्रशिक्षण होतं, ते दुपारीच आटपलं. बरोबरच्या बायका खरेदीला गेल्या आणि मी संग्रहालयात शिरले. तिथे ती दिसली. डाव्या कानाची पाळी तुटल्यावर बाने आतून तार घालून जोडली होती, तो सांधा मी डोळे मिटूनही ओळखला असता. पाटीच्या शेवटच्या ओळीत त्या गृहस्थांचं नाव, उपाधीसकट, आणि पुढे "यांजकडून सप्रेम भेट". आठ दिवसांसाठी मागून नेलेली वस्तू यांनी सप्रेम भेट देऊन टाकली होती.

घरी येऊन सांगितलं तेव्हा बाने एकच विचारलं, अजून पांढरीच आहे का. हो म्हटल्यावर म्हणाला, मग जाऊ, रंगवून येऊ. मला हसू आलं. दोन दिवसांनी एसटीत बसल्यावर त्याची पिशवी उचलली तर जड लागली. आत रंगाचे तीन डबे आणि जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेले ब्रश होते.

डबे फाटकावरच काढून घेतले. बिल्ला दिला, जाताना घेऊन जा म्हणाले. बा बिल्ला मुठीत धरूनच आत आला.

मुखवट्यांच्या दालनाकडे चित्रांच्या दालनांतून जावं लागतं. सोनेरी चौकटी, घोड्यांवरचे साहेब, राजांच्या दरबाराची बोटभर चित्रं, परदेशातल्या नद्या. भिंतीवर संग्रहालयाचा इतिहास होता. तो मी बाला वाचून दाखवला. अमुक शेटजींनी चित्रं दिली, तमुक साहेबांनी मूर्ती दिल्या, कुणा घराण्याने आख्खा संग्रहच दिला. बाचं लक्ष अक्षरांकडे. अक्षर चांगलं काढलंय म्हणाला. मी मात्र देणाऱ्यांची नावं वाचत चालले होते आणि मनात येत होतं, यातलं किती कुणाकुणाच्या अंगणातून वाळत असताना उचललेलं असेल.

वरच्या मजल्यावर काचेच्या भिंतीआड एक बाई मोठ्या तैलचित्रावर वाकून बसली होती. हातात केसाएवढा बारीक ब्रश. चित्रातल्या आभाळाचा एक तुकडा उडाला होता आणि ती तिथे निळा भरत होती. बा थांबला. पंधरा मिनिटं तरी हलला नाही. हात बरा आहे, घाई करत नाही, म्हणाला. मग पहारेकऱ्याला विचारलं, ज्याचं चित्र आहे तो कुठे असतो. पहारेकरी हसला, तो कधीच मेला म्हणाला. बाने मान डोलावली आणि आम्ही पुढे गेलो.

त्राटिकेसमोर मी पाटी वाचली. वैधव्य हा शब्द आल्यावर बाने पुन्हा वाचायला लावली. त्याला राग आला नाही, तो ओशाळला, आणि त्याचाच मला जास्त राग आला. आयुष्यभर एक पाटी अर्धवट सोडली नाही या माणसाने, आणि त्याचं अर्धं काम इतकी वर्षं काचेत, दिव्याखाली, येणाऱ्याजाणाऱ्यासमोर.

मी भांडूनच संग्रहालयाच्या कचेरीत शिरले म्हणायला हरकत नाही. ज्या अधिकारी बाईंची गाठ पडली त्या सभ्य होत्या. खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "वस्तू आमच्याकडे जशी आली तशीच जपणं, हे आमचं काम आहे."

"वस्तू नाय ती, बाई. काम हाय," बा म्हणाला. "अर्धं ऱ्हायलंय."

मी वरच्या चित्रातल्या आभाळाचा विषय काढला. तिथे रंग भरता, मग इथे का नाही? त्या म्हणाल्या, तिथे मुळात काय होतं याचा पुरावा असतो. मी म्हटलं, इथला पुरावा तुमच्यासमोर खुर्चीवर बसलाय. असा तोंडी पुरावा चालत नाही, त्या म्हणाल्या. बाला मात्र पुराव्याचा मुद्दा पटला होता. त्याने सांगितलं, मुखवटा उलटा करून कपाळाच्या आतल्या बाजूला बघा. बाईंनी संगणकावर मागच्या बाजूचा फोटो उघडला. आत लाल रंगाचे ठिपके होते, ओळीने, एकाखाली एक. दर साली लाल कालवला की बा आधी आतून एक बोट लावून बघायचा. पडद्यावर बोट ठेवून तो एकेक साल सांगत गेला आणि शेवटच्या ठिपक्याखाली थांबला. तिथे कोरी जागा होती.

बाईंनी ते ठिपके एकेक करून मोजले, खोटं कशाला सांगू. समितीपुढे ठेवते, म्हणाल्या. आम्ही फाटकावर बिल्ला देऊन डबे घेतले आणि परत आलो.

समिती म्हणजे काय असतं ते मला कचेरीत राहून चांगलं ठाऊक आहे. पावसाळा गेला, दिवाळी गेली, मग जाड कागदावर पत्र आलं. पाटीबद्दल अवाक्षर नाही. लाल रंगाबद्दलही नाही. मजकूर असा, की मुखवट्यावरील श्वेत थर ठिकठिकाणी सुटू लागला आहे, तरी मूळ कारागीर या नात्याने आपण त्याची कृती कळवावी, म्हणजे तो पूर्ववत करता येईल. बघा म्हणजे! पाटीवर या माणसाला जागा नव्हती, पुरावा म्हणून तो चालत नव्हता. पांढरा थर गळून पडायला लागल्यावर मात्र तो मूळ कारागीर झाला. आणि अस्तरावर पुन्हा अस्तर चढवून हे तिला आणखी शंभर वर्षं विधवा ठेवणार.

मी त्याच रागात दोन पानी उत्तर लिहिलं. आठ दिवसांसाठी नेण्यापासून सगळं काढलं आणि शेवटी ठणकावलं, की कृती मिळणार नाही. बाला वाचून दाखवलं. त्याने ऐकलं आणि कागद बाजूला ठेवायला सांगितला. त्रास तिला होतोय, विचारलंय तर सांगायला नको का, म्हणाला. मी वाद घातला. त्याने मला कोरा कागद घ्यायला लावला.

मग त्याने सगळं सांगितलं, काही हातचं राखलं नाही. चिंचोके किती वेळ भिजवायचे, खळ किती घट्ट शिजवायची, खडू कशातून गाळायचा, पहिला थर पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा का द्यायचा नाही. मी मुकाट्याने लिहीत गेले. संपलं असं वाटून कागदाची घडी घालायला लागले, तर त्याने माझा हात धरला.

"अजून ऱ्हायलंय, लिही," तो म्हणाला. "हे नुसतं टिकत नाय. कितीबी येळा लावा, पडनारच. ह्याच्यावर लाल दिला, की मग धरतं."