शेजारणीचा पाव

इस्तंबूलच्या एका उताराच्या गल्लीत ज्यू आणि मुसलमान ऑटोमन काळापासून भिंतीला भिंत लावून राहत आले आहेत. तिथे संध्याकाळी मी उगाच रेंगाळत होते. समोरच्या घरातून एक मुसलमान म्हातारी फडक्यात गुंडाळलेला गरम पाव घेऊन आली. पलीकडचं दार तिच्याच वयाच्या ज्यू बाईने उघडलं. माझ्यासोबतच्या दुभाषी मुलीने सांगितलं, वल्हांडण या सणाचे आठ दिवस ज्यू घरात आंबवलेलं काही ठेवत नाहीत. सण संपला की या घरात पहिला पाव शेजारणीकडूनच येतो.

ज्यू बाईने उंबऱ्यातच तुकडा मोडून तोंडात टाकला.

"मीठ कमी पडलंय."

"मागच्या वर्षी जास्त झालं म्हणालीस."

"झालंच होतं."

तशाच भांडत दोघी आत गेल्या. दुभाषी मुलगी हसली. मला हसू आलं नाही. त्या जुन्या गल्लीचा नाही, त्या तक्रारीचा हेवा वाटला मला. किती वर्षं एकमेकींचं खाल्लं की असं तोंडावर सांगता येत असेल?

पुण्यात शेजारच्या सलमाताई दर ईदला शीरखुर्म्याचा डबा आणून देतात. दुसऱ्या दिवशी मी तो घासून, रिकामा देऊ नये म्हणून चमचाभर साखर घालून परत करते. "फार छान झाला होता," म्हणते. बारा वर्षं झाली. तो गोड असतो की अगोड, हे आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना विचारावं लागेल. दर वर्षी मी तो त्यांनाच देऊन टाकते.